कौसल्याबाई उर्फ

धारूरच्या तहसील कचेरीच्या फाटकाला लागून पत्र्याची एक टपरी आहे. तिच्यावर पाटी आहे: ‘बद्रीनाथ अर्जनवीस. अचूक लेखन.’ ‘अचूक’ हा शब्द बाकीच्यांपेक्षा दीड बोट मोठा. पेंटरचा अंदाज चुकला म्हणून नव्हे. बद्रीनाथनं समोर उभं राहून तो तसा काढून घेतला होता.

सत्तेचाळीस वर्षं हा माणूस लोकांचे अर्ज लिहीत होता. इतक्या वर्षांत माणसांबद्दल त्याचा हिशोब पक्का झाला होता. दाखल्याला येणारा घाईत असतो. वारसाला येणारा रडून आलेला असतो, नाहीतर तसं दाखवतो. आणि ‘एकच व्यक्ती’ला येणारा हमखास काहीतरी लपवून आलेला असतो.

‘एकच व्यक्ती’ हे त्याचं सगळ्यात हातखंडा काम. शाळेच्या दाखल्यावर गंगाधर, सातबाऱ्यावर गंगाराम, आधार कार्डावर नुसताच गंगा. हे तिघं मिळून एकच माणूस आहे, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. माणूस समोर धडधडीत बसलेला असतो, चहा पीत असतो, पण कागदावर तो तीन ठिकाणी सांडलेला असतो. त्याला गोळा करायचं काम बद्रीनाथचं. गोळा करता करता तो पहिल्यांदा सांडला कुणी, हेही बद्रीनाथला कळायचं, आणि त्या कारकुनाचं नाव तो चवीनं चारचौघांत सांगायचा. आपल्या हातानं आजवर एकही नाव चुकलेलं नाही, हे वाक्य त्या सांगण्याच्या शेवटी ठरलेलं.

सोमवारी अकराच्या सुमारास सायली आली. बोरदऱ्याच्या अर्जुनरावांची नात, विजयसिंहांची मुलगी, अंबाजोगाईला कॉलेजात शिकवणारी. जीप वडलांची, पण चालवत स्वतः आली होती, आणि फाइल छातीशी नव्हती, काखेत होती. बद्रीनाथनं दोन्ही गोष्टी टिपल्या. छातीशी फाइल धरणाऱ्याला भीती असते, काखेत धरणाऱ्याला काम असतं.

“काका, एकच व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. आजीचं.”

“बसा की सायलीताई. कौसल्याबाईंचं? त्यांच्यात काय जुळवायचं राहिलं?”

कौसल्याबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. बाजाराच्या दिवशी त्या टपरीवरून जायच्या तेव्हा थांबून पाटी मोठ्यानं वाचायच्या. “अचूक!” म्हणायच्या, हसायच्या आणि पुढं जायच्या. परदेशातून आलेल्या बाईला मराठी वाचता येतं, याचं बद्रीनाथला कौतुक होतं. आणि नेमका तोच शब्द आवडतो, याचं जास्त.

सायलीनं दोन कागद टेबलावर ठेवले. एक ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला: कौसल्याबाई अर्जुनराव, वय पंच्याहत्तर. दुसरा एक जुना पासपोर्ट, कोपरा उंदरानं नेलेला. आत चोवीस वर्षांच्या मुलीचा फोटो, केस आखूड, नजर फोटोवाल्याला दम दिल्यासारखी. देश स्पेन. नाव कोन्सुएलो प्रिएतो वेगा.

“ह्या दोघी एकच,” सायली म्हणाली.

बद्रीनाथनं ते नाव मनातल्या मनात वाचलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे नाव त्यानं आधी एकदा ऐकलं होतं. एकदाच. आणि ऐकून दुसरंच लिहिलं होतं.

चेहऱ्यावर काही येऊ न देणं हे त्याच्या धंद्यातलं निम्मं काम. त्यानं चष्मा पुसला. “कशासाठी पाहिजे?”

सायलीनं सांगितलं. आजीची थोरली बहीण पिलार अजून होती, त्र्याऐंशी वर्षांची. त्यांच्या गावच्या स्मशानात भिंतीत कप्पे असतात, घराण्याला एक. वर दगडाची पाटी, पाटीवर नावं. आजीच्या घराच्या पाटीवर आई होती, वडील होते, भाऊ होता, आणि खाली दोघी बहिणींपुरती जागा पिलारनं राखली होती. आजीच्या अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडल्या. त्याआधी एक मूठ सायलीनं स्टीलच्या डबीत काढून ठेवली, कारण शेवटच्या आजारात आजीनं तसं मागितलं होतं: “सगळी इकडं. एक मूट आईपाशी.” आता डबी तिकडं न्यायची, तर तिथल्या कचेरीचं म्हणणं एवढंच होतं, की कप्प्यात जागा कोन्सुएलोची आहे, आणि तुम्ही घेऊन येताय कौसल्येला.

“बस?” बद्रीनाथनं विचारलं. “तिकडं जमीनबिमीन काही?”

“नाही काका.”

“घर?”

“भाड्याचं होतं. ते पण पडलं.”

बद्रीनाथनं मान हलवली, पण पटलं नाही. एका बांधापायी पाच भावांनी मेलेल्या बापाची तीन नावं जुळवलेली त्यानं पाहिली होती. एका मुठीसाठी स्टँप पेपर घेणारं माणूस त्याच्या टपरीवर अजून यायचं होतं. हरकत नाही, त्यानं मनात म्हटलं, दोन दिवसांत बाहेर पडेल.

“दोन साक्षीदार लागतील. बाईंना पहिल्यापासून वळखनारे, आन् घरातले नकोत. शिवाय कारण लिव्हावं लागंल. नाव बदललं कशानं?”

“काय काय लिहितात?”

“दोनच असतात. स्वखुशीनं बदललं, न्हाईतर लिव्हनाऱ्याची चूक. आपन स्वखुशी टाकू. कुनाच्या अंगाला लागत न्हाई.”

“स्वखुशी चालत नाही. मी विचारलंय त्यांना. तिनं होऊन बदललं म्हणजे जुनं नाव सोडलं, असं ते धरतात. मग कप्प्यातली जागा तिची राहत नाही. नव्यानं सगळं करायचं तर वर्ष-दीड वर्ष, आणि पिलारआजीचं काही खरं नाही आता. चूक असली तर लगेच होतं.”

“मग कुनाची तरी चूक लागंल.”

“असेलच की कुणाची तरी.”

“असंल,” बद्रीनाथ म्हणाला, आणि वर पाटीकडं बघायचं टाळलं.

सायली गेल्यावर त्यानं डबा उघडला, पण भाकरी हातात तशीच राहिली.

१९७८ साल. तेव्हा टपरी नव्हती. बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या ओट्यावर तो बसायचा. वय एकवीस, पेन नवा, मिशी त्याहून नवी. अर्जुनरावांचा गाडीवान आश्रुबा एका गोऱ्या बाईला घेऊन आला. रेशनकार्डाचा फॉर्म भरायचा होता. अर्जुनराव सभेला गेलेले.

“नाव?”

“कोन्सुएलो.”

“कोन?”

“कोन्सुएलो.”

“अवो बाई, कोन तेच मी इचारतोय.”

ओट्याखाली रांग हसायला लागली. तो आणखी दोनदा विचारून बसला. मानेवरून घाम कॉलरात उतरला. शेवटी त्यानं ऐकू आलं त्याच्या जवळात जवळचं नाव लिहून टाकलं आणि खड्या आवाजात वाचून दाखवलं: “कौसल्या अर्जुनराव. बरोबर हाय ना?”

बाईंनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. म्हणाल्या, “आय.”

संपलं. ही बाई ‘हाय’ला ‘आय’ म्हणते, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. होकार मिळाला, पुढचा माणूस आला. पुढं रेशनकार्डावरून मतदार यादी झाली, यादीवरून बँकेचं पासबुक, पासबुकावरून आधार, आधारवरून मृत्यू दाखला. कागदांना एकमेकांकडं बघून लिहायची खोड असते. पण मूळ होकार बाईंचा होता, आणि बद्रीनाथच्या हिशोबात तो होकार म्हणूनच जमा होता. म्हणून तर ‘एकही नाव चुकलं नाही’ हे वाक्य तो डोळ्याला डोळा भिडवून म्हणू शकत होता.

मंगळवारी सायली दोन्ही साक्षीदारांना जीपमध्ये घालून घेऊन आली. आश्रुबा आता शहात्तरचा. दात दोन, पण दोन्ही पुढचे, त्यामुळे सदा हसल्यासारखा. भिवराबाई बोरदऱ्याचीच, ऊसतोडीचे पस्तीस हंगाम काढून गुडघ्यांनी घरी बसवलेली. बद्रीनाथनं दोघांना बाकावर बसवलं, लॅपटॉप उघडला आणि एका बोटानं टाइप करायच्या तयारीत बसला.

“आश्रुबा, शपथेवर सांगायचं. या बाई मूळच्या परदेशी व्हत्या, हे तुमाला माहीत हाय का?”

“परदेशी?” आश्रुबानं सायलीकडं पाहिलं. “कोन मनतं?”

“अहो, एस्टी स्टँडवरून गाडीत घालून तुमीच आनलं ना त्यांना?”

“आनलं की. त्र्याहत्तरला. दुष्काळाच्या मागं ते दवाखानेवाले आलते, त्यांची नर्स. एक पेटी आन् एक छत्री. मी मनलं, बाई, पान्याचा थेंब न्हाई तं छत्री कावून? तिला माजं कळंना, मला तिचं कळंना. सहा कोस येकमेकाकडं बघत आलो.”

“मग परदेशीच की!”

“तवा व्हती. नंतर कुटं?”

“नंतर म्हंजे?”

“बे बद्रीनाथ, पन्नास वरीस आमच्यात ऱ्हाईली. आमच्यावानी बोलायची. तू आता कचेरीत बसून ‘म्हणजे’, ‘म्हणून’ करतो. ती कंदी करत न्हवती. ती ‘मनून’च मनायची.”

सायली हसली. “आजोबा, त्यांच्या भाषेत ‘ह’ लिहितात, पण बोलताना गाळतात. भ, घ, ख यातलं काही नाहीच. तिला ते जमायचंच नाही.”

“मंग आपल्याला तरी कुटं जमतंय?” आश्रुबा म्हणाला. “ती हितलीच मन की.”

बद्रीनाथनं टाइप केलेलं खोडलं. साक्षीदार उलटतात हे त्याला नवीन नव्हतं; पण प्रेमापोटी उलटणारा जरा वेगळा. तो भिवराबाईकडं वळला. “बाई, तुमी सांगा. परदेशी असल्याची काही खूण? खानं, पिनं, वागनं?”

“खानं?” भिवराबाईनं पदर सावरला. “अंड्यात बटाटं घालायची. थाळीयेवढी जाड पोळी. उलटी करायच्या येळेला ताटात पालथी घ्यायची आन् परत तव्यात सोडायची. आमी बाया बघायला जमायचो, आज पडती का उद्या पडती. कंदी पडली न्हाई. सासूनं घरात अंडं येऊ दिलं न्हाई, तं ही मागच्या अंगनात तीन दगडाची चूल मांडून बसली. दोन सालानं सासू बी तितंच येऊन बसायला लागली. वासानं.”

“हे चालंल.” बद्रीनाथनं ‘अंडे, बटाटे’ असं टाइप केलं.

“आन् ते ‘का का’ सांग,” आश्रुबानं कोपरानं ढोसलं.

“ते कशाला कागदावर!”

“सांगा ना आजी,” सायली म्हणाली.

“अगं, अर्जुनरावाकडं पुढारी लोकं आलते जेवायला. चांगले सात-आठ. ही वाढाय उटली. आपन पावन्याला ‘खा, खा’ मनतो का न्हाई? हिला ‘ख’ येईना. येकेकाच्या म्होरं उबं ऱ्हाऊन, भाकर घालून, मोट्यांदा मनायची, ‘का? का?’ पयला पावना मनला, मीटिंग हाय मनून आलो. दुसरा मनला, अर्जुनरावांनीच बोलावलं. तिसऱ्यानं ताट सारून चप्पल हुडकली!”

आश्रुबा दोन्ही दात दाखवून हसत होता. “त्यो तिसरा मंग आयुष्यभर इरोधी पार्टीत ऱ्हाईला.”

“आन् लगीन?” बद्रीनाथनं विचारलं. हा प्रश्न कागदासाठी नव्हता. इतक्या वर्षांत राहून गेलेला होता.

“अर्जुनराव सुई टोचून घ्याया जायचा,” भिवराबाई म्हणाली. “ताप न्हाई, खोकला न्हाई. तीन येळा टोचून घेतली. चवथ्या येळेला तिनं सुई ठिवली आन् मनली, दुकतं कुटं?”

“हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” सायली म्हणाली.

“तुजा बाप कशाला सांगंल? तेला लाज वाटती. तुज्या आज्याला न्हवती वाटत.”

बद्रीनाथनं पान भरत आणलं. बाई आल्या कशा, जेवल्या काय, बोलल्या कसं, सगळं जमा झालं. पण जो रकाना भरायचा तो तसाच रिकामा. नाव कसं बदललं. तिथं येऊ नये म्हणून त्यानं आणखी एक प्रश्न पुढं केला. “बाई, तुमचा त्यांचा संबंध कवापासून?”

भिवराबाईनं गुडघ्यावरचा हात दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

“भारतच्या येळेपासून. माजा थोरला. तोडीवर गेलतो आमी, खाली, कारखान्याला. मला आटवा सरून नववा. मुकादम मनला, यावं लागतंय, मंग गेले. ह्या बाईनं ऐकलं आन् मागून एस्टीनं आली, औषदाची पेटी घिऊन. टोळीतल्या लेकरांना सुया द्यायच्या मनून. चार कोपी पलीकडं ऱ्हायली. अर्जुनरावाची बायको, पाचटाच्या कोपीत. लोकं बघाय यायचे.”

“हे साल कोन्तं?”

“साल मला काय इचारतो? भारतचं वय काड. त्या दिशी सगळे फडात गेलते आन् माजं पोट दुकाया लागलं. दुपारची येळ. कोपीत मी येकली. वरडले, कोनी हाय का? कोनी हाय का? तं भाईरून आवाज आला, ‘आय! आय!’”

ती थांबली. आश्रुबा हसायचा थांबला होता.

“माजी आय मी लानी असताना मेलती. मला वाटलं, आता मी बी चालले, मनून ती न्यायला आली. डोळं उगडले तं ही गोरी कोपीच्या दारात वाकून उबी. हातात चिमटा, वर केलेल्या बाह्या. मी मनलं, तू? तं मनती, ‘आय, आय. मी आय.’ मी मनलं, बरं, आय तं आय. पोरगं जलमलं, तेची नाळ तिनं कापली. मंग पुडं मी तिला आयच मनले. माज्या पोरांनी बी. तिला वाटायचं आमी तिची चेष्टा करतो.”

बद्रीनाथनं ‘साक्षीदाराचे बाळंतपण मयत बाईंनी केले’ असं टाइप केलं. वाक्य बरोबर होतं, अचूकही होतं. वाचून त्याला ते बारीक वाटलं, पण त्याहून मोठं वाक्य सरकारी कागदावर बसत नाही.

“बरं,” आश्रुबा म्हणाला, “आता ते नावाचं लिव्ह की. ते तं तुलाच ठावं हाय.”

“मला?”

“बे, फारम कोनी भरलं व्हतं? मी उबा व्हतो ना तितं. ‘कोन, कोन’ करत व्हतास.”

सायलीनं बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथनं लॅपटॉपकडं पाहिलं. मग खाकरून, शपथेवर बोलावं तसं, तो म्हणाला, “भरला मीच. पन वाचून दाखवला. कौसल्या अर्जुनराव, बरोबर हाय ना, असं इचारलं. त्या म्हनल्या, ‘आय’. म्हंजे हाय. म्हंजे होकार. आत्ता भिवराबाईंनी बी तेच सांगितलं, त्या हायला आय म्हनायच्या.”

सायलीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“काय झालं?”

“काका, तिच्या भाषेत ‘आय’ हा वेगळाच शब्द आहे. काही बिघडलं, सांडलं, बोट कापलं, की तिकडं म्हणतात. आय! म्हणजे आपलं ‘अरे देवा’.”

आधी भिवराबाईला समजलं. ती हसायला लागली, गुडघे धरून, डोळ्याला पदर लावून. मग आश्रुबा. बद्रीनाथ दोघांचं हसू संपायची वाट पाहत बसला. एका बाजूला ‘हाय’, एका बाजूला ‘अरे देवा’. सत्तेचाळीस वर्षं एका खात्यात लिहिलेलं दुसऱ्याच खात्याचं निघावं तसं झालं होतं. आणि विचारायचं कुणाला? जिनं उच्चार केला तिची एक मूठ स्टीलच्या डबीत.

“होकार बी असू शकतो,” तो हट्टानं म्हणाला. “असू शकतो की न्हाई?”

“असू शकतो,” सायली म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. “मला नाही माहीत.”

“मला हाय,” भिवराबाई डोळे पुसत म्हणाली.

“काय?”

“मी इचारलं व्हतं तिला. कोपीत, भारतला पाजत व्हते तवा. मनलं, आय, तुजं खरं नाव काय? ती मनली, कौसल्या कागदावर हाय, दुसरं पेटीत हाय. मी मनलं, मंग कागदावर खोटं कावून ठिवलंस? तं मनली...” भिवराबाईनं बद्रीनाथकडं जरा दयेनंच पाहिलं. “मनली, तो पोरगा घामानं भिजला व्हता. चार येळा इचारलं तेनं. लोकं हसत व्हती. पाचव्या येळेला सांगितलं असतं तं रडला असता. मनून मनलं, असू दे.”

बद्रीनाथचं बोट की-बोर्डवर होतं. ते तिथंच राहिलं. पडद्यावर एकच अक्षर ओळभर उमटत गेलं.

मग त्याला पाटी आठवली. दर बाजाराला थांबून, मान वर करून, मोठ्यानं. अचूक! आणि ते हसू. वीस-पंचवीस वर्षं तो ते पावती म्हणून घेत आला होता.

“मला कंदी बोलल्या न्हाईत,” तो म्हणाला.

“दर आटवड्याला बोलत व्हती की,” आश्रुबा म्हणाला. “आमी मागं उबं ऱ्हाऊन हसायचो.”

सायलीनं घड्याळाकडं पाहिलं नाही, पण फाइलची दोरी बोटाला गुंडाळली. दोन वाजता कचेरीतले साहेब शिक्क्याला बसतात आणि तीनला उठतात, हे बद्रीनाथला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ‘स्वखुशीने’ हा शब्द अजून लिहिता येत होता. भिवराबाईला वाचता येत नव्हतं, आश्रुबाला दिसत नव्हतं. सायलीचं काम अडलं असतं, पाटी राहिली असती. तिकडं त्र्याऐंशी वर्षांची बाई, दगडावरची रिकामी ओळ आणि एक डबी. इकडं दीड बोट मोठा एक शब्द. बद्रीनाथनं दोन्हीकडचं वजन केलं. माणसं ओळखण्यात त्याचं सहसा चुकत नसे, पण या मुलीच्या मागं जमीन आहे हेही तो कालपासून मनात लिहून बसला होता.

त्यानं ओळभर उमटलेलं अक्षर मागं जात जात पुसलं.

“ताई, साक्षीदार दोन न्हाई, तीन टाका. चूक ज्यानं केली त्याची शपथ असली की कागद पक्का होतो.”

“तिसरा कोण?”

“लिव्हा.” आणि लिहिणारा तोच आहे हे आठवून तो स्वतःच टाइप करू लागला. “सन १९७८ मध्ये शिधापत्रिकेचा अर्ज भरताना अर्जनवीस बद्रीनाथ याने ऐकण्यात चूक करून कोन्सुएलोऐवजी कौसल्या असे लिहिले. सदर चूक सदर बाईंनी...” तो अडला. “सदर बाईंनी काय?”

“दयेपोटी,” सायली म्हणाली.

“कचेरीत हसतील.”

“मग?”

“‘हरकत न घेता चालू दिली,’” बद्रीनाथनं लिहिलं. “याच्यात बसतं सगळं.”

“तुमचा आधार क्रमांक लागेल काका. कार्डाची प्रत पण.”

इथं बद्रीनाथ जरा जास्तच वेळ थांबला. मग टेबलाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून, पावडरीच्या डब्यामागून त्यानं कार्ड काढलं आणि पालथं ठेवलं. सायलीनं ते सुलटं केलं.

“ब्रदीनाथ?”

“कॉम्प्युटरवाल्याची चूक हाय.”

“दुरुस्त का नाही केलं?”

“एकच व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र लागतं,” बद्रीनाथ म्हणाला. “ते दुसऱ्याकडून लिव्हून घ्यावं लागलं असतं.”

आश्रुबाला हे सावकाश, दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तो इतका हसला की भिवराबाईनं त्याच्या पाठीत थापट्या मारल्या. शेवटी कागदावर तिसरा साक्षीदार ‘बद्रीनाथ उर्फ ब्रदीनाथ’ असा उतरला, पहिल्या ओळीतल्या ‘कोन्सुएलो प्रिएतो वेगा उर्फ कौसल्याबाई अर्जुनराव’च्या बरोब्बर खाली.

प्रिंट निघाली. अंगठा घ्यायच्या आधी निरक्षर साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागतो, आणि बद्रीनाथनं तो कधीही न वाचता अंगठा घेतला नव्हता. त्यानं उभं राहून वाचलं. आवाज पहिल्या दोन ओळींत खडा होता, स्वतःच्या नावापाशी उतरला, पुन्हा चढला. अंडी-बटाटे आले, छत्री आली, बाळंतपण आलं. शेवटी ‘वरील दोन्ही नावांची बाई ही एकच व्यक्ती आहे’ हे वाक्य आलं आणि तो थांबला. शाईचं पॅड भिवराबाईपुढं सरकवलं.

“भिवराबाई, सगळं बरोबर हाय ना?”

भिवराबाईनं पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर दाबला, उचलला, आणि उमटलेल्या ठशाकडं बघत म्हणाली, “आय.”

बद्रीनाथनं चष्म्यावरून पाहिलं. “हे कंच्या भाषेतलं?”

“तू लिव्हनारा,” ती पदराला अंगठा पुसत म्हणाली. “तूच ठरीव.”

दोन वाजून गेले होते. सायलीनं कागद फाइलमध्ये घातला आणि ती शिक्क्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढू लागली. फाइल या वेळी काखेत नव्हती, छातीशी होती.